मांजरानं दोरा गिळला तर?

राखीपौर्णिमेला बांधलेल्या राख्या दुसऱ्या दिवशी सैल होतात आणि त्यातली एखादी सोफ्याखाली जाऊन पडते. घरातलं मांजर ती पंजानं इकडून तिकडे ढकलतं, तोंडात धरतं, तिच्यावर झडप घालतं. घरातली मंडळी कौतुकानं बघत राहतात. संध्याकाळी केर काढताना राखीचं फूल सापडतं, पण रेशमी दोरा काही सापडत नाही. कुणाला त्यात विशेष वाटत नाही. दोन दिवसांनी मांजर खाणं सोडतं, पलंगाखाली जाऊन बसतं, प्यायलेलं पाणीही ओकून टाकतं. तेव्हा कुठे त्या दोऱ्याची आठवण होते.

हे दोन दिवस फार मोलाचे असतात. मांजरानं काय गिळलं याइतकंच ते किती वेळात कळलं आणि तोवर घरच्यांनी काय केलं, यावर त्याचा जीव अवलंबून असतो.

रायपूरच्या तात्यापारा, बूढापारा यांसारख्या जुन्या वस्त्यांमध्ये मांजर पाळलं जाई ते मुख्यतः उंदरांसाठी. छत्तीसगढ म्हणजे 'धान का कटोरा'. घरात धान्याची कोठी असली की मांजरही असायचंच. ते दिवसभर कौलांवर, परसात, गल्लीत भटकायचं आणि जेवायच्या वेळी दारात हजर व्हायचं. २००० साली रायपूर राजधानी झालं, शहर वाढलं, कॉलन्या आणि फ्लॅट आले. त्यांच्याबरोबर मांजरही चार भिंतींच्या आत आलं. आता त्याला ना उंदीर मिळतो ना झाडावरची खार. मग त्याची शिकारीची हौस शिवणाच्या डब्यावर, मुलींच्या केसांच्या रबरांवर आणि गणपतीच्या मखराला लावलेल्या झिरमिळ्यांवर भागते.

थुंकणं त्याला जमत नाही

मांजराच्या जिभेवरून बोट फिरवलं तर ती खरखरीत लागते. जिभेवर बारीक काटे असतात आणि त्या सगळ्यांची टोकं घशाच्या दिशेनं वळलेली असतात. हाडावरचं मांस खरवडून काढायला आणि अंगावरची लव साफ करायला हे काटे उपयोगी पडतात. पण दोरा एकदा या काट्यांत अडकला की तो पुढे ढकलणं मांजराला कठीण जातं. तोंड हलवलं की दोरा आणखी आत सरकतो. मांजराला तो खायचा नसतो, पण गिळण्यावाचून त्याला दुसरा मार्ग उरत नाही. सुईत ओवलेला दोरा असेल तर त्याच्यामागोमाग सुईही घशात जाते.

गिळल्या जाणाऱ्या वस्तूंची यादी मोठी आहे. रबरबँड, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, बटण, खोडरबराचा तुकडा, इअरफोनचं मऊ टोपण, पतंगाचा मांजा, शिजवलेल्या कोंबडीचं ठिसूळ हाड, माशाचा काटा, अगदी मांजराच्याच गळ्यात हौसेनं बांधलेलं घुंगरूसुद्धा तिच्यात येतं. यातली लहान, गुळगुळीत वस्तू पुष्कळदा दोन-तीन दिवसांत विष्ठेवाटे बाहेर पडते. तीन गोष्टींच्या बाबतीत मात्र वाट पाहणं धोक्याचं असतं. दोरा किंवा दोऱ्यासारखी कोणतीही लांब वस्तू ही पहिली. दुसरा, घड्याळात आणि खेळण्यांत असतो तो बटणाएवढा सेल. तो अन्ननलिकेत अडकला तर काही तासांतच आतून भाजल्यासारखी जखम करतो. तिसरी म्हणजे लोहचुंबकाचे तुकडे. दोन तुकडे आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांत गेले तर ते एकमेकांना ओढतात आणि मध्ये आतड्याच्या भिंती चिरडल्या जातात.

परकराची नाडी आणि आतडं

दिसायला निरुपद्रवी असलेला दोरा सर्वांत घातक का ठरतो, हे कोणत्याही गृहिणीला चटकन समजेल. परकराच्या नेफ्यात नाडी घातली आणि तिचं एक टोक पक्कं धरून दुसरं ओढलं की नेफ्याला चुण्या पडत जातात. मांजराच्या पोटात नेमकं हेच घडतं.

गिळलेल्या दोऱ्याचं एक टोक बहुतेक वेळा जिभेच्या मुळाशी गुंतून बसतं, नाहीतर त्याची गाठ जठराच्या तोंडाशी अडकते. उरलेला दोरा आतड्यात उतरतो. अन्न पुढे ढकलण्यासाठी आतडं सतत आकुंचन पावत असतं. ते दोऱ्यालाही पुढे ढकलू पाहतं, पण दोरा वर अडकलेला असल्यामुळे तो जागचा हलत नाही. मग आतडंच त्याच्यावर गोळा होऊ लागतं, त्याला चुण्या पडतात. ताणलेला दोरा प्रत्येक चुणीच्या आतल्या बाजूला घासत राहतो आणि शेवटी करवतीसारखा तिला कापतो. आतड्यातली घाण पोटाच्या पोकळीत उतरली की तिथे जंतुसंसर्ग होतो आणि मग मोठं ऑपरेशन करूनही मांजर वाचेल याची खात्री देता येत नाही.

म्हणूनच तोंडातून किंवा शेपटीखालून दोऱ्याचं टोक दिसलं तरी ते ओढू नये. या साऱ्या प्रकरणात लक्षात ठेवावी अशी एकच गोष्ट सांगायची झाली तर ती हीच. हात आपोआप पुढे होतो, टोक चिमटीत येतं आणि 'हळूच ओढलं तर निघेल' असं वाटतं. पण आतडं चुण्या पडून बसलेलं असताना बाहेरून दिलेला एक हिसका त्याला कित्येक ठिकाणी चिरू शकतो. तोंडातला दोरा कापूही नये. त्याचं टोक डॉक्टरांना दिसलं तर दोरा कुठे अडकला आहे याचा अंदाज त्यांना लगेच येतो. शेपटीखाली लोंबणारा दोरा फारच लांब असेल आणि मांजर तो चाटत असेल किंवा त्यात पाय अडकवून घेत असेल, तर थोडा भाग बाहेर ठेवून उरलेला कात्रीनं कापावा. याहून अधिक काही करू नये.

केळं, तूप आणि मिठाचं पाणी

लहान मुलानं नाणं गिळलं तर केळं खायला द्यायचं, घशात काटा अडकला तर कोरड्या भाताचा घास गिळायला लावायचा, पोट साफ व्हावं म्हणून एरंडेल द्यायचं, हे उपाय आपल्याकडे घरोघरी ठाऊक असतात. आजी-आजोबा मायेपोटी मांजरालाही तेच द्यायला सांगतात. पण मांजरावर हे प्रयोग करू नयेत.

तोंडात बळेबळे ओतलेलं तेल किंवा तूप मांजराच्या श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढण्याच्या नादात अंगातलं मीठ इतकं वाढतं की झटके येऊ शकतात. कुत्र्याला ओकारी यावी म्हणून काही ठिकाणी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात, पण मांजराच्या जठराला त्यानं गंभीर इजा होते. सुई, हाड, सेल अशी वस्तू उलटून येताना दुसऱ्यांदा जखम करते, ती वेगळीच. जुलाबाचं औषध दिलं तर आतडं अधिक जोरानं आवळतं आणि दोरा जास्तच खोल रुततो. ओकारी काढणं खरोखर हिताचं असेल तर त्यासाठी डॉक्टरांकडे इंजेक्शन असतं. ते द्यायचं की नाही हा निर्णयही त्यांचाच.

मांजराला दुखत असेल म्हणून पॅरासिटामॉलची गोळी देणं तर सर्वांत वाईट. माणसाचं यकृत हे औषध ज्या पद्धतीनं निकामी करून बाहेर टाकतं, ती क्षमता मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते.

घुसमट झाली असेल तर

गिळलेली वस्तू पोटात जाणं आणि श्वास कोंडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मांजर खोकत असेल, ओरडत असेल, तर हवा आत-बाहेर जाते आहे असं समजावं. त्याला शांत ठेवून डॉक्टरांकडे न्यावं. पण आवाज फुटत नसेल, हिरड्या निळसर पडत असतील, मांजर कोसळत असेल, तर डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत थांबायला वेळ नसतो. अशा वेळी तोंड उघडून पाहावं. वस्तू समोर स्पष्ट दिसत असेल तरच काढावी, बोट आंधळेपणानं आत घालू नये. तिनं काम झालं नाही तर मांजराचं डोकं खाली, मागचा भाग वर असं धरून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळव्यानं चार-पाच थापा माराव्यात. मग छातीला दोन्ही बाजूंनी हात लावून चार-पाचदा झटक्यानं दाबावं. वस्तू निघाली तरी मांजर डॉक्टरांना दाखवावंच.

घाबरलेलं मांजर मालकालाही चावतं, यात त्याचा दोष नाही. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारावं.

दुखणं लपवणारा प्राणी

मांजर कितीही उंचावरून पडलं तरी चार पायांवर उतरतं, गवत खाऊन पोट साफ करतं, त्याचं ते बघून घेतं, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. मांजर अधूनमधून केसांचा गोळा ओकतं, त्यात काळजीचं काही नाही. ओकून झालं की ते पुन्हा खेळायला लागतं. काळजी करायची ती पुढची लक्षणं दिसली तर:

एका दिवसात दोन-तीनपेक्षा जास्त उलट्या होणं, विशेषतः पाणीही न टिकणं.

खाणं सोडणं किंवा वाडग्यापाशी जाऊन वास घेऊन परत फिरणं.

लाळ गळणं, पंजानं तोंड चोळणं, सारखं गिळल्यासारखं करणं.

पोटाला हात लावू न देणं, पाठ वाकवून बसणं.

शी न होणं, कुंथणं किंवा विष्ठेत रक्त दिसणं.

नेहमी मांडीवर येणारं मांजर अंधाऱ्या कोपऱ्यात लपून बसणं.

हे शेवटचं लक्षण घरच्यांच्याच लक्षात येऊ शकतं. मांजर दुखणं लपवतं. उघड्यावर जगणाऱ्या त्याच्या पूर्वजांना अशक्त दिसणं परवडणारं नव्हतं. म्हणून ते विव्हळत नाही, नुसतं गप्प होतं. त्याचं उपाशी राहणंही साधं नसतं. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठू लागते आणि तो स्वतंत्र, जीवघेणा आजार होऊन बसतो.

वस्तू गिळताना कुणी प्रत्यक्ष पाहिलं असेल तर मात्र या लक्षणांची वाट बघत बसू नये. त्याच वेळी डॉक्टरांना फोन करावा. वस्तू जठरात असेपर्यंत ती काढणं सोपं असतं. आतड्यात उतरल्यावर मार्ग अवघड होत जातो.

डॉक्टरांकडे जाताना

फोनवर डॉक्टरांना चार गोष्टी सांगाव्यात: काय गिळलं, अंदाजे केव्हा, त्यानंतर किती उलट्या झाल्या आणि शेवटचं खाणं केव्हा झालं. त्याच वस्तूचा दुसरा नमुना घरी असेल, म्हणजे तसाच दोरा, तसंच बटण, राखीचं उरलेलं फूल, तर तो बरोबर न्यावा. उलटीत काही सापडलं असेल तर तेही पिशवीत घालून न्यावं. निघण्यापूर्वी खायला-प्यायला काही देऊ नये, कारण भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं.

मांजर हातात धरून दुचाकीवरून नेऊ नये. झाकणाची टोपली किंवा भोकं पाडलेलं मजबूत खोकं घ्यावं, तळाशी घरातलाच जुना टॉवेल घालावा. ओळखीच्या वासानं ते जरा निवळतं. रायपूरचा उन्हाळा अनेकदा ४५ अंशांच्या आसपास जातो. उलट्यांनी आधीच अंगातलं पाणी गेलेलं मांजर बंद गाडीत अर्धा तास ठेवणं म्हणजे दुसरं संकट ओढवून घेणं.

रायपुरात सरकारी पशुचिकित्सालय आहे आणि लहान प्राण्यांवर उपचार करणारे खासगी दवाखानेही आहेत. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी दुर्गच्या पुढे राजनांदगाव रस्त्यावर अंजोरा इथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते २०१२ साली स्थापन झालेल्या कामधेनू विश्वविद्यालयाच्या अखत्यारीत येतं. आणखी लांब जायची तयारी असेल तर रेल्वेच्या सरळ मार्गावर नागपूरचं १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर बोलावता येणारी फिरती पथकं मुख्यतः गाईगुरांसाठी असतात, त्यामुळे मांजरासाठी केवळ त्यांच्यावर विसंबून राहू नये. कोणत्या दवाखान्यात एक्स-रे आणि सोनोग्राफी होते, कुठे ऑपरेशन होतं, रविवारी आणि रात्री कोण भेटतं, ही चौकशी मांजर ठणठणीत असताना करून ठेवावी.

एक्स-रे कोरा आला तरी

सुई, नाणं, सेल, खडा, हाड हे एक्स-रेमध्ये बहुधा दिसतात. दोरा, कापड, पातळ प्लास्टिक, रबर हे सहसा दिसत नाहीत. 'एक्स-रेत काही नाही, म्हणजे काही झालेलं नाही' असं मानून निश्चिंत होऊ नये. अनुभवी डॉक्टर दोऱ्यापेक्षा दोऱ्याच्या खुणा शोधतात: एका जागी गोळा झालेलं आतडं आणि त्यात अडकलेले हवेचे बारीक बुडबुडे. सोनोग्राफीत चुण्या पडलेलं आतडं दिसू शकतं. मांजराचं तोंड उघडून जिभेखाली नीट बघणं ही तर बिनखर्चाची तपासणी. ती झाली का, असं मालकानं विचारायला संकोच करू नये.

वस्तू जठरात असेल आणि सोय असेल तर दुर्बिणीची नळी तोंडातून घालून ती काढता येते, पोट उघडावं लागत नाही. ही सोय सगळीकडे नसते. नसेल किंवा वस्तू आतड्यात असेल तर ऑपरेशन करावं लागतं. आतडं शाबूत असताना ते झालं तर बहुतेक मांजरं चांगली बरी होतात. फाटल्यानंतर शक्यता झपाट्यानं कमी होते.

इथे बऱ्याच घरांत एक अवघड प्रश्न उभा राहतो. 'मांजरावर एवढा खर्च करायचा?' असं घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं आणि मुलं रडवेली होतात. यात कुणी निर्दय नसतं. ज्यांच्या वेळी मांजर येई-जाई, त्यांना ऑपरेशनची कल्पनाच नवी वाटते. अशा वेळी डॉक्टरांनाच स्पष्ट विचारावं: एकूण खर्च किती, बरं होण्याची शक्यता किती, आणि थांबलो तर काय होईल? बहुधा असं दिसतं की 'उद्या बघू' म्हणण्यानं पैसे वाचत नाहीत. काल जे इंजेक्शननं किंवा दुर्बिणीनं भागलं असतं, त्याला आज ऑपरेशन लागतं. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानं आपल्या ताब्यातल्या प्राण्याची काळजी घेणं हे मालकाचं कर्तव्यच ठरवलं आहे. आणि वाचण्याची आशाच उरली नसेल तर वेदनेत ताटकळत न ठेवता काय करता येईल, हेही डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलावं. मुलांपासून ते लपवू नये. त्यांच्या वयाला समजेल इतकं खरं सांगावं.

ऑपरेशननंतर मांजराला दहा-चौदा दिवस उड्या मारू देऊ नयेत. टाके चाटू नयेत म्हणून गळ्याभोवती नरसाळ्यासारखी कॉलर घालतात, ती दया येऊन काढू नये. खाणं डॉक्टर सांगतील तसं, थोडं थोडं आणि मऊ द्यावं. पुन्हा उलटी झाली, ताप वाटला किंवा खाणं बंद झालं तर त्याच दिवशी कळवावं. पहिले पाच-सहा दिवस आतड्याचे टाके उसवण्याची भीती असते.

घरात एवढं करावं

शिवणकाम झालं की सुई-दोरा झाकणाच्या डब्यात जावा. मशीनला ओवलेला दोराही तसाच लोंबत ठेवू नये. राखीपौर्णिमा, गणपती, दिवाळी झाली की दोरे, जरी, झिरमिळ्या मोजून उचलाव्यात. संक्रांतीला गच्चीवर आणि झाडावर अडकलेला मांजा गोळा करून कापून टाकावा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, तो घरात आणूच नये. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण वेगळा न करता तिलाच चिकटलेला ठेवावा. मांस-मच्छी झाली की उष्ट्या हाडांचा डबा बंद असावा. गळ आणि नायलॉनची दोरी उघड्यावर ठेवू नये.

दोऱ्याशी खेळणं मांजराला मनापासून आवडतं, ते हिरावून घ्यायचं कारण नाही. काठीला बांधलेली दोरी माणसानं हातात धरून खेळवावी आणि खेळ संपला की कपाटात ठेवावी. एकट्या मांजरासाठी मुठीत न मावणारा कापडी चेंडू, कागदाचं खोकं, खिडकीपाशी बसायची जागा पुरेशी असते. रोज दहा-पंधरा मिनिटं कुणी खेळलं तर ते रबरबँडच्या मागे कमी लागतं. मुलांना ही जबाबदारी द्यावी, ती आवडीनं पार पाडतात.

आणि पशुवैद्याचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवावा. त्याच्याखाली लाल शाईनं एक ओळ लिहावी: दोरा दिसला तर ओढायचा नाही. घरात कामाला येणाऱ्या बाई, पाहुणे, शेजारची मुलं या सगळ्यांच्या ती नजरेस पडेल.